मराठी 30 पास

एकदा टायपिंगची परीक्षा पास झाली की कारकुनाच्या बोटांना निवृत्तीपर्यंत नवं काही शिकावं लागत नाही, अशी माझी समजूत होती. ती यंदा पुतण्याने मोडली.

पुण्याहून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरला आला. बाहेर 45 अंश. कूलरसमोरची एकमेव जागा बळकावून त्याने लॅपटॉप उघडला आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. डोकावलो. पडद्यावर चार रांगा, वरून ठोकळे पडतायत. ठोकळा खालच्या रेषेला टेकला की गाण्याच्या ठेक्यावर नेमकी त्या रांगेची कळ दाबायची. खेळाचं नाव ओसू, 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या डीन हर्बर्टने काढलेला. त्यातला हा 'मॅनिया' प्रकार. कळा चारच : डी, एफ, जे, के.

मला हसूच आलं. या तर माझ्या मधल्या ओळीतल्या कळा! यांच्यावर बोटं नीट ठेवावीत म्हणून क्लासच्या सरांनी माझ्या पेरांवर पट्टी मारलेली. मराठी 30, मराठी 40, दोन्ही पास. शिवाय आमच्या गावाला संगणकाची परंपरा आहे. 1945 साली विप्रो इथेच सुरू झाली. फक्त तेव्हा ती वनस्पती तूप बनवायची.

"सरक," म्हटलं.

चाळीस सेकंदांत मी बाद. गाण्याचं तर अजून धृपदही आलं नव्हतं.

"काका, तुमचं टेक्निक चुकतंय."

बोटं आपटायलाही टेक्निक असतं, हे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. एक पंथ एकाच हाताची चार बोटं चार कळांवर ठेवतो. करून पाहिलं. अनामिका एकटी उठेना. ती उठली की करंगळी सोबत निघायची, लग्नात करवली निघते तशी. दुसरा पंथ फक्त दोन तर्जन्यांचा. त्या पद्धतीने मी आयुष्यभर साहेबांना टाइप करताना पाहिलंय, त्यामुळे मन धजेना. तिसरा पंथ दोन्ही हात पसरून बसणाऱ्यांचा, दर हाताची तर्जनी आणि मधलं बोट. हा आपला, म्हटलं.

तर या पंथातही दोन फड. मनगटवाले आणि बोटवाले. एकाच रांगेत ठोकळ्यामागे ठोकळा आला की त्याला 'जॅक' म्हणतात. तिथे बोट एकटं थकतं, मनगटातून थरथर काढावी लागते. ठोकळे जिन्यासारखे एकेका रांगेत उतरू लागले की ती 'स्ट्रीम'. तिथे मनगट हललं की मेलात, बोटं कळांना चिकटलेलीच हवीत. आणि दोन्ही एकदम आले तर? "तर मग प्रॅक्टिस," पुतण्या म्हणाला.

मिनिटाला 180 ठोक्यांचं गाणं लावलं. ठोक्याला चार ठोकळे, म्हणजे सेकंदाला बारा. सगळ्यात वरचा गुण हवा तर चूक 16 मिलिसेकंदांच्या आत. आमच्याकडे 16 दिवसांनी गेलेलं पत्रसुद्धा 'तातडीचे' असतं.

पण माझी खरी अडचण पुतण्याला समजणं शक्यच नव्हतं. माझी बोटं वाचतात. मी शिकलेल्या मराठी टायपिंगच्या रेमिंग्टन मांडणीत डी म्हणजे क, एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, जे म्हणजे र आणि के म्हणजे काना. एफ-डी आलं की आतून 'कि' उमटतं, जे-के आलं की 'रा'. नुसती वेलांटी लागोपाठ सहा वेळा आली तर पुढच्या अक्षरासाठी बोट अडून बसतं. आणि डी-के-डी-के अशी आलटून-पालटून रांग सुरू झाली की शेजारून पुतण्या ओरडतोय, "काका, हात सैल सोडा, काका!" आणि इकडे बोटंही तेच लिहितायत.

दोन दिवस चार कळा एकत्र आल्या की एक ठोकळा हमखास हुकायचा. मी उजव्या तर्जनीला शिव्या घातल्या. नंतर कळलं, मी लॅपटॉपला जोडलेला जुना कीबोर्डच तीनपेक्षा जास्त कळा एकदम गिळत नव्हता. तर्जनीची माफी मागितली नाही, पण मनात आलं होतं.

रात्री अंथरुणात मांडीवर सराव करत होतो. माय म्हणाली, "हात काबरं थरथरी राह्यना तुना? डॉक्टरले दखाड."

आखाजीला माय खापरावरची पुरणपोळी करत होती. उंडा या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत पसरत नेलेली पोळी, आणि ती अलगद पालथ्या खापरावर. दोन्ही हात, अचूक ठेका! मी जवळ जाऊन विचारलं, "माय, तू हे मनगटातून करतेस का बोटांनी?"

तिने पन्नास वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, आणि पोळी फाटली.

"जाय बरं आठून!"

पुतण्या पुण्याला गेला. सोमवारी कचेरीत अवकाळीच्या पंचनाम्याचं स्मरणपत्र टाइप केलं. हात सैल, मनगट स्थिर, नुसती बोटं. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली, जावक क्रमांक पडला, पत्र गेलं.

काल वरच्या कचेरीतून उत्तर आलंय : 'आपल्या पत्राच्या विषयात नमूद केलेल्या "काकाकाकाका" या बाबीचा सविस्तर खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

खुलासा टाइप करायला अर्थातच माझ्याकडे आलाय. मनगटाने करावा की बोटांनी, ठरत नाहीये.