हब रबरच्या जागी ट्यूबचे तुकडे भरू नका

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बाइकवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘मागून झटका बसतो, खट्ट आवाज येतो म्हणजे चेन सैल झाली, ताणून घ्या. तरी थांबलं नाही तर हब रबरच्या कप्प्यांत जुन्या ट्यूबचे तुकडे ठासून भरा, नाहीतर पीयूचा सेट टाका. पिकअप वाढेल आणि आयुष्यभर बघायला नको. बसवताना ग्रीस लावा, पटकन सरकतात.’ यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळू नये. ट्यूब आणि ग्रीसचा तर अजिबातच नको.

हब रबर म्हणजे काय, ते आधी स्पष्ट असू द्या. कुणी त्याला कपलिंग रबर म्हणतं, कुणी कुश रबर. मागचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर चढते ते दातेरी चक्र) ज्यावर बसतं त्या कपलिंगला आतून जाड पाती असतात, चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, कप्पे असतात, आणि दोघांच्या मध्ये रबराचे ठोकळे. इंजिनाचा जोर चेनमधून स्प्रॉकेटला, तिथून रबराला आणि रबरातून चाकाला जातो. फोर स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके. ते ठोके सौम्य करणं हे या ठोकळ्यांचं काम.

आता ‘झटका म्हणजे चेन सैल’. कधी खरं असतं, पण तपासल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. बाइक मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. दुसऱ्या कुणाला मागचा ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगा. चाक जखडलं की स्प्रॉकेट दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवा. चेनची ढील इथे मध्ये येत नाही, त्यामुळे जो खेळ जाणवेल तो हबमधलाच. (ज्या बुलेटमध्ये मागच्या ब्रेक ड्रमलाच स्प्रॉकेटचे दात असतात तिथे ब्रेक दाबल्यावर स्प्रॉकेट जखडतं, मग चाक हलवून पाहा.) स्प्रॉकेट किंचित सरकून लगेच रबराचा दाब लागला तर ठीक. मोकळं सरकून धातूवर धातू आपटल्यासारखा टक आवाज आला, तर रबर गेलं. दात धरून स्प्रॉकेट बाहेर-आतही डुगडुगवून बघा. तसं हललं तर कपलिंगच्या बेअरिंगचाही संशय घ्या. उभ्या बाइकवर न्यूट्रलमधून पहिला गिअर टाकताना होणारा खट्ट आवाज वेगळा. त्याचं मूळ बहुधा क्लच पूर्ण न सुटण्यात, चढ्या आयडलिंगमध्ये किंवा जुन्या ऑइलमध्ये असतं. त्यासाठी चाक उघडू नका.

रबर गेलेलं असताना चेन ताणली तर आवाज थोडा दबतो, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण मागचं सस्पेन्शन दबताना चेन आणखी ताणली जाते. ढील उरली नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या आणि हबच्या बेअरिंगवर येतो. मागे कुणी बसलेलं आणि घोडबंदर रोडवरचे खड्डे, एवढं त्याला पुरतं. बहुतेक कम्यूटर बाइकना २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास ढील लागते; नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला घ्या.

ट्यूबच्या तुकड्यांवर मात्र नीट बोललं पाहिजे, कारण हा उपाय पहिले काही दिवस खरोखर काम केल्यासारखा वाटतो. खेळ जातो, आवाज थांबतो. गफलत रबराच्या स्वभावात आहे. रबर दाबलं की आकार बदलतं, आकारमान जवळजवळ बदलत नाही. एका बाजूने दाबलं तर दुसरीकडे फुगायला जागा हवी. म्हणूनच कंपनीच्या ठोकळ्यांना भोकं, खाचा किंवा गोलसर कडा असतात आणि कप्प्यात थोडी मोकळीक ठेवलेली असते. ती मोकळीक ट्यूबने ठासून भरली की रबराला फुगायला जागाच उरत नाही आणि अख्खा संच दगडासारखा वागतो. वर हाताने कापलेले तुकडे सगळ्या कप्प्यांत सारख्या जाडीचे बसत नाहीत. मग सगळा जोर एक-दोन पात्यांवर येतो, आणि ॲल्युमिनिअमचं पातं मुळाशी तडकतं. तुकडे मागच्या बाजूला दुमडले तर कपलिंग पूर्ण आत बसत नाही, स्प्रॉकेट तिरकं राहतं आणि चेन दातांची एकच बाजू खाते. शे-दोनशे रुपये वाचवायला गेलात आणि हब बदलायची वेळ आली, असा हा हिशेब. गावाहून परतताना रबराचा भुगा झाला आणि कसंबसं घर गाठायचं आहे, तेवढ्यापुरतं एकदा चालेल. दुसऱ्या दिवशी काढून टाका.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रबरासारखंच पण कडक प्लॅस्टिक. ते टिकतं जास्त, हे खरं. पण त्याने पिकअप वाढत नाही. इंजिनाची ताकद तीच राहते. थ्रॉटल आणि चाक यांच्यातला मऊपणा कमी झाल्याने प्रतिसाद तीक्ष्ण वाटतो, इतकंच. रबराने गिळायचा झटका मग चेनला, स्प्रॉकेटच्या दातांना, गिअरच्या डॉग्जना (एकमेकांत अडकणाऱ्या खुंट्यांना) आणि क्लचला सोसावा लागतो. माजिवडा-कापूरबावडीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच धरत-सोडत रोज चालवणाऱ्याला हा सौदा परवडणारा नाही. पाम बीच रोडवर एका वेगात जाणाऱ्याला फरक कमी जाणवेल, पण फायदा त्यालाही नाही. कडकपणा शोअर ए मध्ये (रबराचा कडकपणा मोजायचं माप) छापलेला नसेल आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नसेल, तर तो सेट घेऊच नका.

बाहेरच्या कंपनीचा प्रत्येक सेट वाईट असतो, असं आमचं म्हणणं नाही. मॉडेलनुसार पार्ट नंबर जुळवा, नग मोजा, सगळे ठोकळे एकाच जाडीचे आहेत का बघा. नखाने दाबा: खूण लगेच भरून यायला हवी. कडेला साच्याचं जास्तीचं रबर लोंबत असेल किंवा दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या तर परत द्या. मापासाठी जुने ठोकळे नेऊ नका, ते झिजलेले असतात. आणि ‘आयुष्यभर’ कुठलंच रबर टिकत नाही. उष्णता, तेल आणि वय त्याला कडक करतात. चेन-स्प्रॉकेट किंवा मागचा टायर बदलताना चाक निघतंच, तेव्हा हबमध्ये डोकावून घ्या.

राहिला ग्रीसचा प्रश्न. पेट्रोलियम ग्रीसने साधं रबर फुगतं, मऊ पडतं. डिझेल-पेट्रोलने हब धुऊन तसाच ओला ठेवला तरी तेच. ठोकळ्यांना साबणाचं पाणी लावा. ते सुकून जातं. ग्रीस एक्सल, बेअरिंग आणि सीलच्या ओठापुरतं.

काम करताना क्रम असा. चाक काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा आणि स्पेसर कुठला कुठे आहे याचा फोटो घ्या. ब्रेक रॉड आणि ब्रेक प्लेटचा टॉर्क आर्म (प्लेटला फिरू न देणारी पट्टी) सोडा, मग एक्सल. काही मॉडेल्समध्ये स्प्रॉकेट स्विंगआर्मवरच (मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच) राहतं, चेन काढावी लागत नाही. ठोकळे काढताना दिशा बघून ठेवा: एक बाजू जाड, एक पातळ असेल तर तशीच परत जाते. कप्पे कोरडे पुसा, पात्यांच्या मुळाशी बॅटरी मारून तडे शोधा, कपलिंगचं बेअरिंग बोटाने फिरवा. खरखर लागली तर तेही आताच बदला. कपलिंगच्या बेअरिंगमागचा स्पेसर विसरला तर एक्सल आवळताच बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि ते लवकरच जातं.

नवे ठोकळे हाताने दाबून कपलिंग बसायला हवं. फार तर रबरी हातोडीचे दोन-चार हलके ठोके. लोखंडी हातोडा लागतोय म्हणजे सेट चुकीचा. चाक चढवल्यावर टॉर्क आर्मचा नट आणि त्याची नवी स्प्लिट पिन सगळ्यात आधी तपासा. तो आर्म सुटा राहिला तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड वाकतो आणि मागचा ब्रेक जातो. मग चेनची ढील, ब्रेक पेडलचा खेळ, ब्रेक लाइट. शंभरेक किलोमीटरनंतर ढील पुन्हा मोजा.