‘आधी घरचं बघा’ म्हणणाऱ्या गिरगावकरांना उत्तर

गिरगावकर, नमस्कार.

भारत गरीब देशांना जी मदत करतो तिच्या बाजूने मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया : ‘मुंबईत संडासापुढे रांगा लागतात आणि आपण इथिओपियाला पैसे वाटतोय. आधी घरचं बघा.’ तिला बऱ्याच जणांनी दुजोरा दिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेपाळ-भूतानला आपण अनुदान देतो हे खरं. आफ्रिकेत मात्र मोठा भाग कर्जाचा. तो आपल्या कफ परेडच्या एक्झिम बँकेमार्फत, म्हणजे सरकारी निर्यात-आयात बँकेमार्फत, जातो आणि साधारण अट अशी की कामातला ७५ टक्के माल नि सेवा भारतातूनच घ्यायच्या. इथिओपियाच्या साखर कारखान्यांसाठी ६४ कोटी डॉलर मंजूर झाले ते असेच. जपान तरी बुलेट ट्रेनला ०.१ टक्के व्याजाने ५० वर्षांचं कर्ज का देतो? गाडी त्यांची, तंत्र त्यांचं. धर्मादाय कुणीच करत नाही.

आता संडास. उदाहरण तुम्ही मोठं झकास निवडलंत, कारण वस्त्यांमधले कितीतरी संडास परदेशी कर्जातूनच उभे राहिलेत! १९९५ साली जागतिक बँकेने मुंबईच्या मलनिःसारणासाठी कर्ज दिलं, त्यातच वस्ती स्वच्छता कार्यक्रम होता. त्याआधी संडास बांधून व्हायचा, पण धुणार कोण याचा पत्ता नसायचा. इथे आधी रहिवाशांनी मंडळ नोंदवायचं, वर्गणी भरायची, मगच बांधकाम. कुटुंबाला महिन्याचा पास, राखणदाराला वरती खोली, पोरांसाठी वेगळी बुटकी भांडी. सगळीकडे जमलं नाहीच. कुठे मंडळ कुणा दादाच्या खिशात गेलं, कुठे टाकी तुंबली ती तुंबलीच. तरी वापरणाऱ्याला आधी विचारायचं, ही रीत त्यातून पडली.

त्याच बँकेचं दुसरं कर्ज आठवा, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचं. रस्त्यात दुकानं जाणाऱ्या कुर्ल्याच्या व्यापाऱ्यांनी आणि इतर रहिवाशांनी २००४ मध्ये थेट बँकेच्या तपास समितीकडे तक्रार केली. पुनर्वसनात खरंच घोळ होता. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे रोखले, ते जूनअखेर पुन्हा सुरू केले. कुर्ल्याच्या दुकानदाराने वॉशिंग्टनची तिजोरी चार महिने अडवली, हे मला अजूनही भारी वाटतं.

आणि आपण? इथिओपियातला टेंडाहो साखर कारखाना, आपल्याच त्या कर्जातला, वर्षानुवर्षं रखडला. उसासाठी आवाश नदीकाठची कुरणं गेली, तिथल्या अफार जमातीच्या पशुपालकांची. आपल्याकडे धरणात गावं गेली तेव्हा लोकांना मोर्चे काढायला मुंबई तरी होती. त्या गुराख्याने कफ परेडला येऊन कुणाचं दार ठोठवायचं? कर्ज ठरतं ते कंपन्यांच्या सोयीने, पाहणी होते ती यंत्रं पोचली की नाही एवढीच.

तेव्हा या कर्जांचा हिशोब संसदेत मागायचा, कुर्लेकरांना मिळाली तशी तक्रारीची खिडकी अफारांनाही द्यायला लावायची, असं तुमचं म्हणणं असेल तर मी तुमच्यासोबत आहे. ‘बाहेर दमडी देऊ नका’ एवढंच असेल, तर ज्या शहराचे रस्ते, संडास, मेट्रो तीन आणि अटल सेतू बाहेरच्या कर्जावर झाले, तिथे बसून मला ते म्हणता येणार नाही.