स्टेपनी पलंगाखाली, गाडी घाटाखाली

"गणपतीला गावी जाणाऱ्यांनो, सरकारने स्टेपनी बंद केलीय! ट्यूबलेस टायर असेल तर ती काढून डिकी मोकळी करा. हवा पाच पाउंड कमी भरा. नायट्रोजन भरला की टायर फुटतच नाही. फुटलाच तर कचकन ब्रेक दाबा."

हा मेसेज आमच्या भावोजींनी भाच्याला धाडला आणि त्या शहाण्याने तो पाळला. रात्री अकराला फोन. "मामा, भोस्ते घाट उतरलोय, टायर गेला." स्टेपनी? डोंबिवलीत, पलंगाखाली.

सरकारचं नाव घेतलंय, तर आधी तेच बघू. जुलै 2020 मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत बदल केला, हे खरं. चालकासह नऊपर्यंत आसनं आणि साडेतीन टनांपर्यंत वजन असलेल्या गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट, एवढं सगळं असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. सक्ती नाही म्हणजे बंदी झाली का? भाच्याच्या 2014 च्या गाडीत यातलं एकच होतं, ट्यूबलेस टायर. आणि किट असतं तरी काय दिवे लावले असते? साइडपट्टी खचून डांबराची कड उघडी पडलेली, तिला घासून टायर बाजूने चिरलेला, बोट आत जाईल एवढा. किटमधली रबरी दोरी खिळ्याच्या भोकाला चालते, तीही रस्त्याला टेकणाऱ्या भागात. बाजू फाटली की टायर भंगारात.

माझी गाडी त्याच मॉडेलची म्हणून निभावलं. चिपळूणहून माझी स्टेपनी घेऊन गेलो. मागे त्रिकोण ठेवला, तिरप्या बाजूच्या चाकाला जांभ्याचा तुकडा लावला, चाक जमिनीवर असतानाच नट ढिले केले. पण त्या लाल चिखलात गाडी वर जायच्याऐवजी जॅकच खाली! आंब्याच्या पेटीची फळी घातली, ती पहिल्याच दाबाला मोडली. शेवटी एका टपरीवाल्याने जाड ओंडका दिला. आता तो माझ्या डिकीत असतो.

कमी हवेचं तर उलटंच आहे. कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडते, त्यानेच तो तापतो आणि फुटतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तो थंड टायरचा.

नायट्रोजन? साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. शुद्ध भरला तर हवा जरा सावकाश उतरते, एवढं देतो. डांबराच्या कडेला त्याचं काय सोयरसुतक?

आणि ब्रेक अजिबात नको. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, वेग आपोआप पडू द्या.

भावोजी, माझी स्टेपनी अजून भाच्याच्या गाडीलाच आहे. पलंगाखालची एसटीने पाठवून द्या. धाडण्याआधी तिच्यात हवा आहे का, तेवढं बघा.