रॉबिन हूड आणि माझा डबा

गणिताचे सर रजेवर गेले आणि आठवी ‘ब’चा ऑफ तास माझ्या गळ्यात पडला. ऑफ तासाला मुलांना गप्प बसवून आपण वह्या तपासाव्यात, एवढं शहाणपण वीस वर्षांच्या नोकरीत यायला हरकत नव्हती. मी मात्र फळ्यावर लिहिलं : ‘रॉबिन हूड : संत की दरोडेखोर?’

“श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटायचा!” अख्खा वर्ग एका सुरात.

म्हटलं, आता उतरवतोच ही शेंदराची पुटं. 1500च्या सुमारास छापलेल्या त्याच्यावरच्या लांबलचक पोवाड्यात वाटप-बिटप जवळजवळ नाहीच. त्याची प्रेयसी मॅरियनही नाही, ती मागाहून आली. (मुली नाराज.) उलट कर्जात बुडालेल्या एका सरदाराला तो 400 पौंड उसने देतो.

“बिनव्याजी?” पतसंस्थेत वडील असलेल्यानं विचारलं.

“हो.”

“मग देवमाणूसच की, सर!”

मी सरकारी दप्तर काढलं. 1226 साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्याच्या हिशेबात ‘फरारी रॉबर्ट हॉड’ सापडतो. हाच तो, असं कुणी छातीठोक सांगत नाही. जप्त मालाची किंमत 32 शिलिंग 6 पेन्स.

“एवढंच? म्हणजे सगळं वाटून टाकलं होतं!”

घाम पुसत मी कायद्याकडे वळलो. फरारी माणसाला तेव्हा ‘लांडग्याचं डोकं’ म्हणत; दिसेल त्यानं मारावं, गुन्हा नाही. हे सांगायला नको होतं. मागच्या बाकावरून पहिली कोल्हेकुई आली आणि मिनिटभरात अठ्ठेचाळीस लांडगे ओरडू लागले. दारात मोठ्या बाई.

“रॉबिन हूड शिकवतोय,” मी पुटपुटलो.

“हां, तो गरिबांना वाटणारा!” बाई कौतुकानं म्हणाल्या आणि गेल्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

शेवटचा डाव म्हणून त्याची लुटायची रीत सांगितली. वाटसरूला आग्रहानं जेवू घालायचं, मग विचारायचं, थैलीत किती आहे? खरं सांगणाऱ्याला सोडायचं. एका साधूनं 20 मार्क, म्हणजे जेमतेम 13 पौंड सांगितले, निघाले 800 पौंडांहून जास्त. सगळे गेले. “आता सांगा, ही गुंडगिरी नाही?”

वर्ग विचारात पडला. मला वाटलं, जिंकलो.

मधल्या सुट्टीत पाच जण टेबलाभोवती उभे. एकानं अदबीनं शेंगदाण्याची चिक्की पुढे केली. मी खाल्ली.

“सर, डब्यात काय आहे?”

“पोळी-भाजी,” मी बेसावधपणे म्हणालो.

झाकण उघडलं. भाजीच्या बाजूला बेसनाचे दोन लाडू.