‘शॉकला सही करू नका’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘डिप्रेशनच्या पेशंटला शुद्धीत बांधून शॉक देतात. मेंदू जळतो, स्मरणशक्ती कायमची जाते. आता मॅग्नेटचं मशीन आलंय, शॉकला सही करू नका.’ हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच तो इतका फिरतो.

शुद्धीत बांधून? पूर्वी भुलीशिवाय शॉक देत, हे खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यावर बंदी आहे. खरी अडचण पुढची आहे. दर वेळी भूलतज्ज्ञ लागतो. तो जिथे मिळत नाही, तिथे हा उपचारही मिळत नाही.

मेंदू जळतो, हे चूक. उपयोग होतो तो मेंदूत आणलेल्या फिटचा. १९३४ मध्ये बुडापेस्टला मेडुना या मनोविकारतज्ज्ञाने कापराचं इंजेक्शन देऊन अशी फिट आणली, तेव्हा वीज नव्हतीच. ती आली १९३८ मध्ये, रोमला. करंट काही सेकंदांचा असतो आणि फिट बहुधा मिनिटभरात थांबते.

आता स्मरणशक्ती. इथे मला डॉक्टरांनाही बोलायचंय. उपचाराच्या आसपासच्या आठवड्यांतलं पुष्कळांना आठवत नाही. नवं लक्षात ठेवण्याची क्षमता बहुधा काही आठवड्यांत परत येते, पण काहींच्या जुन्या आठवणी कायमच्या पुसल्या जातात. एखाद्या आईला मुलीचं लग्न आठवत नसेल, तर ते नुकसान लहान नाही. ‘काही होत नाही’ असं सांगून सही घेतली, की अशा फॉरवर्डला बळ मिळतं. फक्त उजव्या बाजूने आणि अगदी छोट्या स्पंदांनी करंट दिला तर हा त्रास कमी होतो. कोणत्या पद्धतीने देणार, हे सहीआधी विचाराच.

मॅग्नेट, म्हणजे टीएमएस: डोक्याबाहेरून चुंबकाचे स्पंद मेंदूला द्यायचे. अमेरिकेत २००८ पासून त्याला मान्यता आहे. भूल लागत नाही, स्मरणशक्तीला धक्का बसत नाही. उपचार चांगलाच आहे. पण त्यासाठी सहसा आठवड्यातून पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावं लागतं. पाणीही नाकारून पुतळ्यासारख्या बसलेल्या माणसाकडे तेवढे दिवस नसतात.

फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. २००१ च्या एका अमेरिकन अभ्यासात शॉकने बरे झालेल्यांपैकी नंतर औषधाविना राहिलेल्या ८४ टक्के जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला. लिथियम आणि नॉरट्रिप्टिलिन ही दोन औषधं एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. म्हणून सही करताना शेवटच्या शॉकनंतर कोणत्या गोळ्या चालू राहणार, हेही लिहून घ्या.