लाल, निळी, पिवळी

रिफॉर्मर म्हणजे पिलाटीस या व्यायामाचं यंत्र: दिसायला दवाखान्यातली खाट आणि वागायला शेवाळलेला घाट. रुळांवर पुढेमागे सरकणारी गादी, तिच्याखाली चार-पाच स्प्रिंगा, पायाशी आडवा दांडा, खांद्यांपाशी दोन दोर. पुण्या-मुंबईत हल्ली ‘कोअर दुखतोय’ असं चारचौघांत हळूच म्हणायची पद्धत आहे. कोअर म्हणजे पोट-कंबरेचे स्नायू. पोट कुणाचंही दुखतं; कोअर दुखायला पैसे पडतात.

हा व्यायाम जर्मन जोसेफ पिलाटीसचा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला छावणीत डांबलं, तिथे तो सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. त्यांना तो फुकट मिळाला. आपण आगाऊ पैसे भरतो आणि वेळेत तास रद्द केला नाही तर तेही बुडवतो.

चढण्याआधी स्प्रिंग लागलीय ना, ते बघावं. नसली की गादी एका गावाला आणि बूड दुसऱ्या.

खरी गंमत स्प्रिंगांची. बऱ्याच यंत्रांत पिवळी सर्वांत हलकी, निळी तिच्याहून जड, लाल आणखी जड. पण कंपनीगणिक रंग बदलतात, त्यामुळे एका स्टुडिओतली शेखी दुसऱ्यात चालत नाही. पाठीवर पडून पायांनी दांडा ढकलताना जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त कष्ट. प्लँकमध्ये, म्हणजे अंग फळीसारखं ताठ धरताना, मात्र हात दांड्यावर, पाय गादीवर. तिथे स्प्रिंगाच गादीला धरून ठेवतात. त्या कमी केल्या की गादी पळू बघते आणि तिला थोपवायचं काम पोटाकडे येतं. नवखा तीन लाल लावतो, प्लँक सोपा गेला म्हणून खूश होतो. शेजारच्या जुन्या मॅडम एका पिवळीवर पिंपळपानासारख्या थरथरत असतात. मान त्यांना. मला विचाराल तर नवख्यानं एक लाल ठेवावी आणि कंबर खचू लागली की सरळ गुडघे टेकावेत. कंबर लोंबली की पोट सुटीवर जातं आणि भार मणक्यावर येतो. दुसऱ्या दिवशी जे दुखतं तो कोअर नसतो.

मोज्यांच्या तळाला रबरी ठिपके हवेत, नाहीतर घामानं पाय दांड्यावरून सटकतो. काम ठिपक्यांचं, बघतात मात्र सगळे काठावरचं नाव. विसरलात तर काउंटरवर मिळतात. किंमत ऐकून पाठ आपोआप ताठ होते, तेवढाच व्यायाम.

उतरताना कठडा धरून जिन्यानेच जावं. लिफ्टमध्ये शिरलात की मांड्या गेल्याचं सगळ्यांना कळतं.