स्वयंसेवक पाहिजेत, चहा मिळेल

२०१७ साली नव्वदावं साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीत भरलं, तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी माणसं गळ्यात बिल्ला अडकवून फिरत होती. बिल्ला मिळणार असेल तर आमचा माणूस मांडवाचा खांबही खांद्यावर घेईल. वाचनालयाची पंचाईत अशी, की आमच्याकडे बिल्ले नाहीत. आमच्याकडे खळ आहे.

१९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला. पुढे या अंकांना कव्हरं घालत कुणाला तरी बसावं लागेल, हे काही त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या मनात आलं नसणार. अंक येऊन पडतात वसुबारसेच्या तोंडावर, सव्वाशे. प्रत्येकाला दाभणानं तीन भोकं, दोरा, गाठ; मग खाकी कव्हर, खळ, शिक्का, दाखल क्रमांक. यातलं काही चुकवलं, तर तिसऱ्या वाचकापर्यंत अंक सुट्टा होऊन पोचतो. राशिभविष्य तर आधी गळतं. (कन्या राशीचं पान कुणीतरी मुद्दाम नेतं, असा आमच्या ग्रंथपालबाईंचा जुना संशय आहे.) वाचनालय 'ड' वर्गातलं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं, अनुदानात एकट्या बाईंचा पगार बसतो, तोही कसाबसा.

म्हणून यंदा फळ्यावर लिहिलं, 'स्वयंसेवक पाहिजेत.' व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलं. सत्तेचाळीस अंगठे आले. अंगठ्यांच्या मालकांना मी एकेक करून फोन केले. "उत्तम उपक्रम! काही लागलं तर हक्कानं सांगा हं." अहो, हक्कानं सांगायलाच फोन केलाय!

रविवारी सहा जण आले. एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, आधी उपसमिती नेमू. दुसरे काका दाभणाकडे न बघता म्हणाले, "मी मार्गदर्शन करीन." एका गृहस्थांचा समज होता की स्वयंसेवकाला वर्गणी माफ असते. उरलेले तिघे खरंच काम करायला आले होते, आणि नेमके त्यांनाच आम्ही घालवले.

घालवले म्हणजे त्यांचं स्वागत केलं. दीपप्रज्वलन, गुलाबपुष्प, आणि 'स्वयंसेवक म्हणजे कोण' या विषयावर अध्यक्षांचे दोन शब्द. ते दोन शब्द पन्नास मिनिटं चालले. एकाला मुलीला क्लासहून आणायचं होतं, दुसऱ्याच्या घरी दळण अडलं होतं, तिसरा न सांगताच गेला, गुलाब खुर्चीवर ठेवून. भाषण संपलं तेव्हा खळीवर साय धरली होती.

मी आणि बाई ढिगाकडे बघत बसलो असताना वरच्या मजल्यावरच्या आजी आत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पंखा चालू दिसला म्हणून आल्या. माझ्या हातात दाभण बघून म्हणाल्या, "अरे, बोट फोडून घेशील. आण इकडे. गोधड्या शिवल्यात मी." तासाभरात अठरा अंक. जाताना विचारलं, "उद्या कितीला उघडता?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या भजनी मंडळातल्या चौघी आल्या. त्यांना गुलाब द्यायचं कुणालाच सुचलं नाही, देवाची कृपा.

गुरुवारी मी ऑफिसातून परस्पर वाचनालयात गेलो. लोकलमध्ये चेंगरून आल्यामुळे शर्टाची इस्त्री आणि चेहरा एकाच मापाचे झालेले. सतरंजीवर मंडळ बसलेलं, कव्हरांच्या चळती, भिंतीला टेकवलेली टाळांची पिशवी. आजी नेमक्या वर गेल्या होत्या. उरलेल्यांपैकी एकीनं मान वर केली.

"या, या. नवीन का? चपला बाहेर. आणि हात धुऊन बसा, कव्हरावर डाग पडतात."

"मी कार्यवाह आहे," मी म्हणालो. "नऊ वर्षं."

"असू दे हो," त्या समजुतीनं म्हणाल्या, "पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना नुसते शिक्केच मारायला देतो."

मी हात धुऊन आलो, बसलो. पहिलाच शिक्का उलटा पडला.